जोडव्याइतकी चांदी

१९४२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सैन्यातला केनेथ निकोल्स नावाचा एक अधिकारी वॉशिंग्टनच्या सरकारी कोषागारात गेला आणि त्यानं उसनी चांदी मागितली. किती हवी, असं अवर सचिव डॅनियल बेल यांनी विचारलं. निकोल्सनं आकडा सांगितला तो हजारो टनांचा. आमच्याकडे चांदी टनांत मोजत नाहीत, ट्रॉय औंसांत मोजतात, असं त्याला जरा घुश्शातच ऐकवण्यात आलं. ट्रॉय औंस भरतो जेमतेम ३१ ग्रॅम. सराफाच्या पेढीवर जाऊन ‘दोन ट्रक चांदी टाका’ म्हणावं, तसाच तो प्रकार होता.

निकोल्सचा नाइलाज होता. ओक रिजला अणुबाँबसाठी लागणारं युरेनियम वेगळं करायला राक्षसी विद्युतचुंबक उभारायचे होते. त्यांची वेटोळी तांब्याची करायची, तर सगळं तांबं काडतुसांत आणि तोफगोळ्यांत चाललेलं. तांब्याचं काम तांब्याहून चांगलं करणारा एकच धातू होता आणि तो वेस्ट पॉइंटच्या तिजोरीत नुसता पडून होता. शेवटी सुमारे १३,३०० टन चांदी बाहेर पडली, वितळवली गेली, तिच्या पट्ट्या ओढल्या गेल्या आणि त्या चुंबकांभोवती गुंडाळल्या गेल्या. तिथं वेगळं काढलेलं युरेनियम पुढं हिरोशिमावर पडलं.

मला या गोष्टीचा उत्तरार्ध जास्त आवडतो. उसनवार चांदीचा शेवटचा हप्ता १९७० साली तिजोरीत परत आला. तूट आली ०.०३६ टक्क्यांहूनही कमी. यंत्रं उतरवल्यावर त्यांच्याखालच्या जमिनीच्या फळ्या उचकटून जाळल्या गेल्या आणि राखेतून चांदीचे कण काढले गेले. आपल्याकडच्या सराफ बाजारात झारेकरी दुकानापुढची माती आणि गटारातला गाळ धुऊन हेच करत आले आहेत. अमेरिकी सैन्यानं ते सरकारी खर्चानं केलं, इतकाच फरक.

आज जगात उद्योगधंद्यांत दर वर्षी याहून कितीतरी जास्त चांदी खपते. ती मात्र अशी परत येत नाही, कारण ती वेटोळ्यांत किंवा लगडींत नसते. ती शाईसारखी छापलेली, सायीसारखी पसरलेली, कुठं कुठं तर धुळीच्या कणाहून बारीक असते. चांदीचा समाजाला होणारा खरा उपयोग या पातळपणात आहे, आणि तिच्याबद्दलची खरी अडचणही तिथंच आहे.

आधी तिच्या अंगचे गुण पाहू. नेहमीच्या तापमानाला वीज सर्वांत सहज वाहून नेणारा धातू चांदी. तांबं तिच्या मागे सुमारे सहा टक्क्यांनी. उष्णता वाहून नेण्यातही धातूंमध्ये पहिला नंबर तिचाच, आणि दिसणारा प्रकाश परतवण्यातही. पण सहा टक्क्यांसाठी घरात चांदीच्या तारा कोण घालणार? तारा तांब्याच्याच असतात. चांदी लागते ती ठिणगीच्या जागी. दिव्याचं बटण दाबल्यावर ‘टक्’ होतं तेव्हा आत दोन छोटे ठिपके एकमेकांना भिडतात. दर वेळी तिथं बारीक ठिणगी उडते. तांब्याचे ठिपके असते तर तापून त्यांवर ऑक्साइडचा थर चढला असता, विजेची वाट अडली असती, बटण गरम झालं असतं. चांदी हवेतल्या ऑक्सिजनला सहसा दाद देत नाही. देवघरातली निरांजनं काळी पडतात ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. म्हणून बटणं, रिले, एमसीबी यांच्या आतल्या ठिपक्यांत चांदी किंवा चांदीचं मिश्रण असतं. फ्रिजच्या आणि एसीच्या नळ्यांचे सांधे चांदी घातलेल्या सळीनं जोडतात. शिसं आरोग्याला घातक म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या डाकातून ते हद्दपार झालं, तेव्हा सर्वाधिक चाललेल्या नव्या डाकांपैकी एकात कथलाबरोबर तीन टक्के चांदी आली. बॅटरीवर चालणाऱ्या एका मोटारीत ठिकठिकाणची मिळून २५ ते ५० ग्रॅम चांदी असते, असा उद्योगाचा हिशेब आहे. गाडीचा मालक ती कधी पाहत नाही.

या सगळ्यांना मागं टाकलं ते सौर पॅनेलनं. पॅनेलच्या निळसर-काळ्या तबकडीवर केसासारख्या रेघा दिसतात, त्या चांदीच्या. सिलिकॉनवर ऊन पडलं की आत वीज निर्माण होते, पण ती गोळा करून बाहेर आणायला वाट लागते. ही वाट जाड केली तर तिचीच सावली पडते आणि ऊन अडतं. बारीक केली तर विजेला अडथळा होतो. रेघ बारीक राहूनही वीज विनातक्रार वाहावी, हे चांदीला सर्वांत चांगलं जमतं. ती छापण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात, त्याच तत्त्वानं चांदीच्या भुकटीची पेस्ट जाळीतून तबकडीवर दाबली जाते. मग काही सेकंद सुमारे ८०० अंशांच्या भट्टीतून तबकडी जाते. पेस्टमध्ये काचेची पूडही असते. ती वितळते, सिलिकॉनवरचा संरक्षक थर खाऊन वाट मोकळी करते आणि चांदी खालच्या सिलिकॉनला जाऊन भिडते.

एका वॉटला साधारण १० मिलिग्रॅम. साडेपाचशे वॉटच्या एका पॅनेलमध्ये पाच-सहा ग्रॅम, म्हणजे हलक्या जोडव्यांच्या एका जोडाइतकी चांदी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांवर पॅनेल बसवायचं उद्दिष्ट आहे. घरामागे तीन किलोवॉट धरले तर ३० ग्रॅम. एक कोटी घरांचे ३०० टन. छपराछपरावर एवढी चांदी चढेल आणि खालच्या घरात कुणालाही आपल्या डोक्यावर जोडव्यांचे पाच-सहा जोड आहेत हे माहीत नसेल.

जगाचा ताळेबंद असा: २०२४ साली चांदीची एकूण मागणी सुमारे ३६ हजार टन होती. त्यातली २१ हजार टनांहून अधिक उद्योगांची आणि त्यात सहा हजार टनांच्या वर एकट्या सौर पॅनेलची. दागिने, नाणी, विटा, ताटं-वाट्या हे सगळं उरलेल्या भागात. खाणींतून निघाली साडेपंचवीस हजार टन आणि जुन्या मालातून परत आली सहा हजार टनांच्या आसपास. बेरीज करून पाहिली तर हिशेब तुटीचा निघतो. २०२१पासून दर वर्षी तो तुटीचाच आहे, आधीच्या साठ्यांतून भागवला जातो. २०२५मध्ये भाव किलोला लाखाच्या पुढं निघून गेला, त्यामागं सट्टेबाजी आहे, युद्धांची धास्ती आहे, पण ही तूटही आहे.

भाव वाढला तर जास्त चांदी काढा, असं म्हणणं सोपं आहे. पण निव्वळ चांदीच्या खाणी थोड्याच. जगातली बहुतेक चांदी शिसं, जस्त, तांबं किंवा सोनं काढताना बरोबर येते. आपल्या राजस्थानात रामपुरा आगुचा आणि सिंदेसर खुर्दच्या खाणी आहेत, त्या मुख्यतः जस्त आणि शिशासाठी. चांदीचा भाव चढला म्हणून कुणी दुप्पट जस्त खणत नाही. घरची चांदी पुरत नाही म्हणून भारतानं २०२४ साली सात हजार टनांहून अधिक चांदी बाहेरून आणली.

एवढी महाग वस्तू उद्योगांना परवडते कशी, याचं उत्तर पुन्हा पातळपणात आहे. शंभर रुपयांच्या बटणात चांदी असते चिमूटभराहून कमी, पण ती काढून घेतली तर बटण वर्षभरात जळेल. म्हणून भाव दुप्पट झाला तरी कारखानदार ती घेतच राहतो. पॅनेलवाल्यांचं तसं नाही. त्यांच्या खर्चात चांदी आता डोळ्यांत भरण्याइतकी मोठी झाली आहे, त्यामुळे रेघा आणखी बारीक करणं, तांब्याच्या कणांवर चांदीचा मुलामा देणं, किंवा थेट तांब्यावर जाणं, असे प्रयत्न जोरात आहेत. ते यशस्वी झाले तर चांदीचे गुंतवणूकदार हिरमुसतील. मला त्याचं दुःख होणार नाही. वीज स्वस्त होणं महत्त्वाचं.

रसायनांच्या कारखान्यात चांदी तर अजिबातच दिसत नाही. इथिलीन वायूपासून इथिलीन ऑक्साइड करायला चांदीचे बारीक कण बसवलेला उत्प्रेरक लागतो. चांदीची जागा घेणारं दुसरं काही कारखान्यात अजून टिकलेलं नाही. इथिलीन ऑक्साइडपासून ग्लायकॉल होतं आणि ग्लायकॉलपासून पॉलिएस्टर. म्हणजे रोजच्या वापरातली धुवायला सोपी, इस्त्रीची गरज नसलेली साडी कुठंतरी चांदीवरून वाहून आलेली असते. पैठणीच्या जरीचं कौतुक आपण करतो, ते योग्यच. पण जगातल्या बायकांच्या धुण्याचे कष्ट कमी करण्यात चांदीचा वाटा या दुसऱ्या साडीत जास्त आहे.

दवाखान्यात शिरलं की पहिली चांदी छातीवर चिकटते. ईसीजी काढताना जे गोल स्टिकर लावतात, त्यांच्या मधल्या बटणावर चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा मुलामा असतो. शरीरातली वीज आयनांची, तारेतली वीज इलेक्ट्रॉनची; दोन्हींचं चलन वेगळं. सराफ म्हणजे मुळात नाणी बदलून देणारा. सिल्व्हर क्लोराइडचा तो थर अगदी तेच काम करतो. एका चलनाचं दुसऱ्यात रूपांतर करून देतो आणि मध्ये बट्टा जवळजवळ घेतच नाही. हृदयाचा संकेत एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. बदलणाराच खोटा निघाला तर कागदावर हृदयाऐवजी त्याचीच खरखर उमटेल. तालुक्याच्या दवाखान्यात छातीत दुखणाऱ्या माणसाचं निदान पाच मिनिटांत होतं, त्यात या स्टिकरचा वाटा आहे.

जंतूंवर चांदीचा मारा चालतो, हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. त्याचं शास्त्र १८९३ साली पुढं आलं. कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. काही धातूंचा अगदी नगण्य अंश पाण्यात असला तरी शेवाळ मरतं, हे त्यानं पाहिलं होतं. आज आपल्याला कळतं की मारतात ते चांदीचे आयन. जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला ते घट्ट चिकटतात, त्याच्या श्वसनाची यंत्रणा बंद पाडतात, बाहेरचं आवरण बिघडवतात. निरांजनाला काळं करणारी गंधकाची ओढच इथं औषध होते.

यावरून बारशाच्या चांदीच्या वाटीबद्दल हल्ली फार सांगितलं जातं. आयन सुटायला ओल लागते, ऑक्सिजन लागतो आणि वेळ लागतो. वरणभात भरवायच्या पाच मिनिटांत वाटीतून जे सुटेल त्यानं जंतूंचं फारसं बिघडत नाही. वाटी द्यावी, जरूर द्यावी. ती माया आहे आणि अडीनडीची बचतही आहे. तिला औषध मात्र म्हणू नये.

औषध कशाला म्हणावं ते जर्मनीतल्या लायपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी दाखवलं. बाळंतपणात आईकडून लागण होऊन नवजात बाळांचे डोळे पिकायचे आणि कित्येक आंधळी व्हायची. १८८०पासून क्रेडे यांनी जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा दोन टक्क्यांचा थेंब घालायला सुरुवात केली. त्यांच्या प्रसूतिगृहात शंभरातल्या दहाएक बाळांना होणारा हा आजार शेकड्याला एकाच्याही खाली आला. थेंब चुरचुरायचा. आता त्याच्या जागी प्रतिजैविकाचं मलम आलं आहे. पण एका थेंबाच्या किमतीत आयुष्यभराची दृष्टी, एवढा किफायतशीर सौदा वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

दुसरी गोष्ट तितकी निर्मळ नाही. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडून लघवी सतत झिरपत राहते, त्याला फिस्टुला म्हणतात. अशा बाईला घरातले लोकही जवळ करत नाहीत. अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत जे. मॅरियन सिम्स यांनी १८४०च्या दशकात हे भोक शिवायचे प्रयत्न केले. रेशमी टाके पिकायचे आणि उसवायचे. १८४९ साली त्यांनी चांदीची तार वापरली आणि टाका धरला. हे सगळे प्रयोग त्यांनी गुलाम बायकांवर केले होते, भूल न देता. ॲनार्का, लूसी आणि बेट्सी ही त्यांतली तीन नावं आपल्याला माहीत आहेत. ॲनार्कावर तीसएक शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. चांदीच्या उपकारांची यादी करताना या तिघींना वगळून पुढं जाता येत नाही.

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात पांढरं मलम सर्रास दिसतं, ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं. अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी ते १९६८मध्ये आणलं. कातडीच जळून गेली की आत शिरायला जंतूंना मोकळं रान मिळतं. मलमातून आयन हळूहळू सुटत राहतात आणि जखम भरेपर्यंत पहारा देतात. पुढच्या अभ्यासांत या मलमानं जखम भरायला थोडा उशीर लागतो असं दिसलं, आणि जिथं परवडतं तिथं चांदीचा थर दिलेल्या नव्या पट्ट्या वापरतात. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत अजून मलमच जास्त चालतं, कारण ते स्वस्त आहे.

मला स्वतःला चांदीचं सर्वांत मोठं सामाजिक काम वाटतं ते लहान मुलांच्या किडक्या दातांतलं. जपानमध्ये १९७०च्या सुमारास सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचं द्रावण वापरात आलं. कीड लागलेल्या जागी त्याचा एक थेंब ब्रशनं लावायचा. ना इंजेक्शन, ना कोरण्याचं यंत्र, ना वीज, ना ती वर-खाली होणारी खुर्ची. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात घट्ट करतं आणि बहुतेक वेळा कीड तिथंच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तोटा एकच, किडलेली जागा कायमची काळी पडते. पुढचा दात असेल तर आई-वडील नाराज होतात. पण जिथं दातांचा डॉक्टर पन्नास किलोमीटरवर असतो, तिथल्या शाळेच्या ओसरीवर एका सकाळी तीस मुलांचं दुखणं थांबवता येतं. काळा डाग आणि रात्रभर ठणकणारी दाढ यांतून निवड करायची वेळ आली तर मी डाग घेईन.

पिण्याच्या पाण्याचं काम पुण्यात झालं. टाटांच्या तिथल्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून पाणी गाळायची युक्ती निघाली होती. राखेच्या कणांवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर २००९मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आलं, ७४९ रुपयांपासून. वीज नको, नळ नको. तुसाची फुकटातली राख आणि जगातला एक मौल्यवान धातू एकाच डब्यात बसले, ते चांदी इतकी कमी पुरते म्हणूनच. पिण्याच्या पाण्यात चांदी किती चालेल याची मर्यादा भारतीय मानकांत लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे.

मर्यादा ओलांडण्याची हौसही लोकांना असते. ‘कोलायडल सिल्व्हर’ नावाची बाटली सर्व रोगांवर म्हणून विकली जाते. रोज पिणाऱ्यांची कातडी कायमची निळसर करडी होऊ शकते. तोंडानं घेण्यात काही फायदा असल्याचा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९९ सालीच सांगितलं. जंतूही गप्प बसत नाहीत. १९७५च्या सुमारास बोस्टनच्या एका भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला. त्याच्या जनुकांचा छडा पुढं १९९९मध्ये लावला त्या चमूतल्या शास्त्रज्ञाचं नाव सायमन सिल्व्हर, हा योगायोग मी रचलेला नाही. म्हणून मोजे, टिफिनचे डबे, धुण्याची यंत्रं यांत जाहिरातीपुरती चांदी फासण्याला माझा विरोध आहे. जखमेसाठी राखून ठेवलेलं शस्त्र घामाच्या वासावर खर्ची पडतं. शिवाय ती चांदी सांडपाण्यात जाते आणि पुन्हा हाती लागत नाही.

हाती लागण्याची गोष्ट आपल्याकडं एकदा उलटी घडली आहे. सिनेमाची फिल्म चांदीच्या क्षारांवर चालायची आणि जुन्या पडद्यावरही चंदेरी रंग असायचा, म्हणून तर तो ‘रुपेरी पडदा’. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले मोजकेच उरले. कित्येकांच्या रिळांतून चांदी काढून घेण्यात आली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर बरंच काही वितळून गेलं होतं. दादासाहेब फाळक्यांच्या पिढीचा सिनेमा कुणाच्या तरी पैंजणात असू शकेल.

हे वितळवण्याचं ज्ञान ज्यांच्याकडं आहे ती माणसं सांगली जिल्ह्यातली. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून गलाईवाले देशभर गेले. बहुतेक मोठ्या शहरांच्या सराफ बाजारामागच्या बोळात त्यांची भट्टी असते. जुना माल नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. सोनं तळाला राहतं, चांदी विरघळून पाण्यासारखी दिसेनाशी होते. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. तांबं विरघळू लागतं, पाणी निळं होतं आणि पट्टीवर करड्या चिखलासारखी चांदी जमायला लागते. तो चिखल धुऊन आटवला की लखलखीत लगड. तपकिरी धूर नाकातोंडात जातो तो वेगळाच. किलोवर विकत घेतलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मांतूनही चांदी निघते.

सौर पॅनेल या बोळात अजून आलेलं नाही. त्याचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षं, आणि आपल्याकडची बहुतेक पॅनेलं गेल्या दहा वर्षांतली. २०२२च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश झाला. निकामी पॅनेलं कंपन्यांनी २०३४-३५पर्यंत साठवून ठेवायची आहेत. अडचण साधी आहे. वीस-तीस किलोंचं काच, ॲल्युमिनियम आणि चिवट प्लॅस्टिकचं ते सँडविच सोलून आतली पाच ग्रॅम चांदी काढायची, तर खर्च चांदीच्या किमतीला भिडतो. जुन्या पॅनेलांत चांदी जास्त, कारण तेव्हा रेघा जाड असायच्या. त्यामुळे पहिली खेप जरा बरी निघेल. नंतरच्या प्रत्येक वर्षीचं पॅनेल आधीच्याहून गरीब असेल. विट्याकडचा एखादा नातू तोवर भट्टी सोडून इंजिनिअर झालेला असेल, आणि पुढ्यात पडलेल्या त्या काचेकडं बघून आजोबा विचारायचे तेच विचारेल: टंच किती?